औषध म्हणून चालतं?

‘औषध म्हणून चालतं’ हे वाक्य ज्याच्या कानावर लहानपणी पडले नाही, असा मराठी माणूस मला तरी भेटलेला नाही. सर्दीने बेजार झालेल्या मुलाला चमचाभर ब्रँडी, अशक्त झालेल्या सुनेला अंडे, एकादशीला गोळी घेण्यापुरती अर्धी पोळी, या सगळ्यांना हे एकच प्रशस्तिपत्र पुरे होत असे. मला या वाक्याचा राग नाही, उलट कौतुकच आहे. नियम कडक ठेवायचा आणि आजारी माणसाला मात्र त्यातून हळूच बाहेर काढायचे, हे शहाणपण आपल्या आया-आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. चरकसंहितेतही क्षीण झालेल्या रोग्याला मांसरस सांगितला आहे.

पण गेली काही वर्षे माझ्या दवाखान्यात हे वाक्य एकाच बाटलीच्या संदर्भात पुन्हा पुन्हा ऐकू येते, आणि तिथे मी अडखळतो. ती बाटली म्हणजे माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. सिंगापूरच्या कुठल्याही मॉलमधल्या फार्मसीत जा, सोनेरी, पारदर्शक, मोत्यासारख्या कॅप्सूलने भरलेल्या बाटल्यांची भिंतच उभी असते. दोन घेतल्या तर तिसरी स्वस्त. भारतात जाताना आईवडिलांसाठी नेण्याच्या सामानात पूर्वी टायगर बाम असे, आता त्याच्या शेजारी ओमेगा-थ्री विराजमान झाले आहे. नेणारे घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असले तरी कुणाला काही वाटत नाही, कारण औषध म्हणून चालतं!

चालते का? आणि चालते की नाही हे ठरवायचे कोणी? या दोन प्रश्नांचा विचार मी डॉक्टर म्हणून आणि एक साधा घरगुती माणूस म्हणून बरीच वर्षे करतो आहे, तो आपल्यापुढे मांडतो.

माशाचे तेल आपल्याकडे नवे नाही. माझ्या वयाच्या वाचकांना कॉडलिव्हर ऑइलचा वास अजून आठवत असेल. आमच्याकडे ती बाटली स्वयंपाकघरात येत नसे. ओसरीवरच्या कोनाड्यात तिची जागा होती, चमचाही वेगळा. नाक दाबून घोट घ्यायचा आणि वर गुळाचा खडा. ‘शार्कोफेरॉल’ नावाचे टॉनिक तर नावातच शार्क घेऊन घरोघर शिरले होते. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेहून येणारे कॉडचे तेल बंद झाले, तेव्हा हिंदुस्थानात मुशीच्या म्हणजे शार्कच्या यकृताचे तेल काढण्याचा उद्योग उभा राहिला, त्याचा हा वारसा. त्या काळी त्या तेलाला खरोखरच काम होते. मुडदूस आणि रातांधळेपणा हे आजार सर्रास दिसत. त्यातले अ आणि ड जीवनसत्त्व मुलांचे डोळे आणि हाडे वाचवत असे. पुढे कृत्रिम अ जीवनसत्त्व स्वस्तात तयार होऊ लागले, १९७० पासून भारत सरकारने लहान मुलांना त्याचे डोस देण्याचा कार्यक्रम सुरू केला, आणि मुशीच्या तेलाची गरज ओसरली. म्हणजे त्या कोनाड्यातल्या बाटलीला ‘औषध’ म्हणणे त्या वेळी खरे होते. गरज सरल्यावर ते तितके खरे राहिले नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

आताच्या बाटल्या जीवनसत्त्वासाठी नाहीत, हृदयासाठी आहेत. १९७० च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश शास्त्रज्ञांनी ग्रीनलंडच्या इनुइट लोकांचा अभ्यास केला आणि सील-मासे खाणाऱ्या या लोकांना हृदयविकार कमी होतो तो समुद्रातल्या मेदाम्लांमुळे, अशी कल्पना पुढे आली. कल्पना आकर्षक होती. १९९९ मध्ये इटलीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या अकरा हजारांहून अधिक रोग्यांवर प्रयोग झाला आणि रोज एक ग्रॅम ओमेगा-थ्री घेणाऱ्यांत मृत्यू कमी दिसले. आम्ही डॉक्टर मंडळी तेव्हा उत्साहात होतो. पण त्यानंतर हृदयविकाराची औषधे पुष्कळ सुधारली, प्रयोगही मोठे झाले, आणि चित्र बदलले. २०१८ मध्ये दोन मोठ्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. एकात पंधरा हजारांवर मधुमेही होते, दुसऱ्यात पंचवीस हजारांवर निरोगी प्रौढ. रोज एक ग्रॅमची कॅप्सूल घेणारे आणि नुसत्या तेलाची कॅप्सूल घेणारे यांच्यात हृदयविकार व पक्षाघात यांच्या एकूण प्रमाणात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. उलट मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका, ज्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, थोडा वाढतो असे आता अनेक अभ्यासांत दिसले आहे.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. ज्यांचे ट्रायग्लिसराइड्स वाढलेले असतात आणि ज्यांना हृदयविकार किंवा मधुमेह आहे, अशा रोग्यांना शुद्ध केलेले ईपीए रोज चार ग्रॅम दिल्यावर झटक्यांचे प्रमाण सुमारे पाव हिश्शाने कमी झाले, असा एक प्रयोग २०१८ मध्येच प्रसिद्ध झाला. त्यावरही वाद आहेत. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला दिलेले खनिज तेल निरुपद्रवी होते का, असा आक्षेप घेतला गेला, आणि २०२० मध्ये थोड्या वेगळ्या घटकांच्या तशाच एका प्रयोगात फायदा दिसला नाही. पण ते डॉक्टरने लिहून द्यायचे औषध आहे. फार्मसीच्या भिंतीवरची बाटली म्हणजे ते नव्हे. त्या बाटलीवर ठळक अक्षरांत ‘१००० मिलिग्रॅम’ लिहिलेले असते ते तेलाचे वजन. साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, मिळून ३०० मिलिग्रॅमच ओमेगा-थ्री असते. चार ग्रॅम गाठायचे तर दिवसाला तेरा-चौदा कॅप्सूल गिळाव्या लागतील. ते कोणी करू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

सुरक्षिततेबद्दल लोक पहिला प्रश्न पाऱ्याचा विचारतात. त्याची भीती तेलाच्या बाबतीत फारशी नाही, कारण पारा माशाच्या मांसातल्या प्रथिनांना चिकटतो, चरबीत कमी उतरतो. डायॉक्सिन आणि पीसीबी ही रसायने मात्र चरबीत राहतात, आणि ती शुद्धीकरणात काढावी लागतात. कॉडलिव्हर तेलात अ जीवनसत्त्व भरपूर असते, म्हणून गरोदर बायकांनी ते घेऊ नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर कॅप्सूलबद्दल डॉक्टरांना सांगावे. माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे, ती खवटपणाची. हे तेल हवा, उजेड आणि उष्णता यांनी फार लवकर बिघडते. २०१५ मध्ये न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी बाजारातली ३२ उत्पादने तपासली. बहुतेकांत तेल शिफारशीपेक्षा जास्त बिघडलेले निघाले आणि लेबलवर लिहिल्याइतके ओमेगा-थ्री फक्त तिघांत सापडले. ऑस्ट्रेलियातल्या तपासणीत याहून बरे निकाल आले, तेव्हा सगळा बाजारच खोटा असे मी म्हणणार नाही. पण आपल्या इथल्या हवेत एचडीबीच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत सहा महिने उघडी पडलेली बाटली मी पाहिलेली आहे. खवट खोबरे आणि खवट शेंगदाणा जिभेच्या टोकावर ओळखणारे आपण, कॅप्सूल मात्र न चावता गिळतो. एखादी फोडून वास घेऊन बघा.

इथला कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे, आणि तो फार थोड्या लोकांना ठाऊक असतो. सिंगापूरची हेल्थ सायन्सेस अथॉरिटी अशा पूरक पदार्थांना विक्रीपूर्वी परवाना देत नाही. पाऱ्यासारख्या जड धातूंची मर्यादा घालून दिलेली आहे, पाऱ्यासाठी ती दशलक्ष भागांत अर्धा भाग, आणि ती पाळण्याची जबाबदारी विक्रेत्याची. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अमुक रोग बरा करतो किंवा टाळतो असा दावा त्या बाटलीवर करता येत नाही. म्हणजे विकणाराच कायद्याने सांगतो आहे की हे औषध नव्हे. ‘औषध म्हणून चालतं’ असे म्हणणारे आपण मात्र त्याला परस्पर बढती देऊन टाकतो.

आणि आतले तेल माशाचे आहे, एवढ्यावर गोष्ट संपत नाही. बाहेरचे मऊ पारदर्शक कवच जिलेटिनचे असते. जिलेटिन म्हणजे बहुधा डुकराचे किंवा गाई-बैलांचे कातडे आणि हाडे शिजवून काढलेला पदार्थ. क्वचित माशाचेही असते. इथे एक गंमत होते, तिला गंमत म्हणायचे तर. डुकराचे नको म्हणून आपली काही मंडळी ‘हलाल’ शिक्का बघून बाटली निवडतात. तो शिक्का मुसलमान बांधवांसाठी आहे, आणि तो डुकराचे नाही याची हमी देतो. मग कवच बरेचदा गोवंशाचेच असते. भारतात खाद्यपदार्थाच्या पाकिटावर हिरवा ठिपका शोधायची सवय लागलेल्या आपल्या डोळ्यांना इथे तसा सक्तीचा ठिपका सापडत नाही, आणि ठिपका नाही म्हणजे हरकत नाही असे आपण गृहीत धरतो.

आता एक प्रसंग सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सातारा जिल्ह्यातल्या एक वृद्ध बाई मुलाकडे काही महिन्यांसाठी आल्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ, अनेक वाऱ्या केलेल्या. रक्तदाब होता, तो गोळ्यांनी आटोक्यात होता. मुलगा त्यांना रोज रात्री एक कॅप्सूल देत असे, ‘ताकदीची गोळी’ म्हणून. तपासणीच्या आधी त्याने मला बाजूला घेऊन सांगितले, ‘‘डॉक्टर, आईला यातलं काही सांगू नका. तिच्या हृदयासाठी देतोय मी. कळलं तर घेणार नाही.’’ त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, काळजी होती. पण त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती, ती म्हणजे माशाच्या तेलाचा ढेकर लपत नाही. मावशींनीच मला विचारले, ‘‘डॉक्टर, रातच्याला मासळीवानी वास येतो ढेकराला. काय घालतात त्या गोळीत?’’

मी मुलाकडे पाहिले. तो खाली पाहत होता. मी म्हटले, ‘‘मावशी, माशाचं तेल आहे.’’ त्या गप्प झाल्या. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘ते घेतलं न्हाई तर मी मरंन का?’’ मी म्हटले, ‘‘नाही. रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्यात तर धोका आहे. हिच्यावाचून काही अडणार नाही.’’ ‘‘मग नको,’’ त्या म्हणाल्या. आणि मुलाकडे वळून, ‘‘माळ मी घातलीया बाबा. इचारायचं मला.’’

परतताना मुलगा मला म्हणाला, ‘‘पण अजाणता खाल्लं तर पाप लागत नाही ना?’’ पापाचा हिशोब माझ्याकडे नाही. पण त्याच्या प्रश्नातच उत्तर होते, कारण अजाणता ती होती, तो नव्हता. व्रत म्हणजे पोटात काय गेले याची नोंद नव्हे, तो माणसाने स्वतःशी केलेला करार असतो. दुसऱ्याने तो प्रेमापोटी मोडला म्हणून मोडणे सौम्य होत नाही. उलट ज्या वयात घर, भाषा, शेजार, देवळाचा रस्ता सगळेच मुलाच्या हातात गेलेले असते, त्या वयात ताटात आणि तोंडात काय जाते एवढाच अधिकार आईकडे उरतो. तोही काढून घ्यायचा का?

मावशींचा प्रश्न ऐकून मला छांदोग्य उपनिषदातला उषस्ती चाक्रायण आठवला. पहिल्या अध्यायात ही गोष्ट येते. कुरुदेशात पिके नष्ट झाली, उपासमार आली. उषस्ती आणि त्याची बायको हत्तीवाल्यांच्या गावात राहत होती. एक हत्तीवाला उकडलेले हलके कडधान्य खात होता, उषस्तीने त्याच्याकडे त्याच्या उष्ट्यातले मागून घेतले आणि खाल्ले. हत्तीवाल्याने वर पाणी देऊ केले, तेव्हा मात्र तो नको म्हणाला, कारण ते उष्टे आहे. कडधान्य उष्टे नव्हते का, असे त्याने विचारले. उषस्तीचे उत्तर असे की ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, पाणी मला इतरत्रही मिळेल. आपद्धर्म या शब्दावर मोठमोठे ग्रंथ आहेत, महाभारतात तर विश्वामित्र कुत्र्याचे मांस खायला निघालेला दिसतो. पण घोटभर पाण्यापाशी उषस्तीने जी रेघ ओढली, तिच्याइतकी नेमकी रेघ मला दुसरीकडे सापडली नाही. सवलत आपत्तीपुरती, आणि आपत्ती खरी असेल तरच. गोष्टीचा पुढचा भाग मुलाच्या बाजूने वापरता येईल, हेही कबूल करतो. दुसऱ्या दिवशी उषस्तीने बायकोने राखून ठेवलेले तेच उरलेले धान्य खाल्ले, कारण राजाच्या यज्ञाला जाऊन काही मिळवायचे तर अंगात बळ हवे होते. म्हणजे त्याचा नियम काही दगडी नव्हता. पण दोन्ही वेळा काय खातो आहोत हे त्याला माहीत होते, आणि निर्णय त्याचा स्वतःचा होता.

हाच पेच न्यायालयापुढेही आला होता. २००२ साली दिल्ली उच्च न्यायालयाने असा निकाल दिला की अन्न, सौंदर्यप्रसाधने आणि औषधे यांत प्राणिज घटक असतील तर तसे पाकिटावर सांगावे, ग्राहकाला ते कळण्याचा हक्क आहे. पण प्राण वाचवणारी औषधे मात्र न्यायालयाने यातून वगळली. हेतू असा की कळल्यावर रोगी ती नाकारील आणि जिवाला मुकेल. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल रद्द केला, तो भाग निराळा. मला त्या अपवादात रस आहे. तो अपवाद मान्य करणाऱ्यालाही माशाच्या तेलाची बाटली त्यात बसवता येणार नाही. आणि मला तर तो अपवादही पूर्ण पटत नाही. रक्ताची गुठळी झाल्यावर आम्ही जे हेपरिन देतो ते डुकराच्या आतड्यातून मिळते. रोगी बेशुद्ध असेल तर मी ते देईन, क्षणाचाही विचार न करता. पण शुद्धीवर असलेल्या, विचारणाऱ्या माणसाला मी ते लपवणार नाही. सांगेन, का लागते तेही सांगेन, आणि बहुतेक लोक घेतात. सिंगापूरमध्येही कायदा याच दिशेने गेला आहे. २०१७ मध्ये इथल्या अपील न्यायालयाने रोग्याच्या दृष्टीने महत्त्वाची माहिती डॉक्टरने द्यावी असे म्हटले. पुढे २०२० मध्ये दिवाणी कायद्यात दुरुस्ती होऊन ती १ जुलै २०२२ पासून लागू झाली. तिने डॉक्टरांचे मत पुन्हा केंद्रस्थानी आणले, पण निर्णयासाठी रोग्याला काय कळायला हवे याचा विचार सोडला नाही. आमचे मुसलमान रोगी हे न संकोचता विचारतात, ‘डॉक्टर, यात काय आहे?’ आपली माणसे विचारत नाहीत. सभ्यपणा म्हणून की उत्तर नको असते म्हणून, कोण जाणे.

तेव्हा शाकाहाऱ्याने काय करावे? ज्याला ओमेगा-थ्री हवेच आहे त्याच्यासाठी वाट आहे. मासा हे मेदाम्ल बहुतांशी स्वतः बनवत नाही, समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळांतून अन्नसाखळीने ते त्याच्याकडे येते. त्या शेवाळाचे तेल आता वनस्पतिजन्य कवचात मिळते. महाग आहे, पण उषस्तीचे पाणी ते हेच. जवसाची चटणी आणि अक्रोड चांगलेच, फक्त त्यांतल्या ओमेगा-थ्रीचे शरीरात ईपीए-डीएचए फार थोडे बनते, एवढे ध्यानात ठेवावे. मासे खाणाऱ्यांनी तेक्का बाजारात जावे. इथे ज्याला केंबुंग म्हणतात तो आपला बांगडाच. आठवड्यातून दोनदा त्याचे तिखले करावे. प्रथिने मिळतात, तेल ताजे असते, आणि जेवण झाल्याचे समाधान मिळते, जे कुठल्याही कॅप्सूलने आजवर दिलेले नाही.

मुलांच्या बाबतीत मात्र मला थोडे कडक बोलायचे आहे. पीएसएलईच्या वर्षी ओमेगा-थ्रीच्या गोड चघळगोळ्या घराघरांत येतात. वाचनात मागे असलेल्या मुलांवर ऑक्सफर्डच्या संशोधकांनी केलेल्या एका प्रयोगात २०१२ मध्ये थोडा फायदा दिसला होता. त्यांनीच तो पुन्हा करून पाहिला तेव्हा, २०१८ मध्ये, काही दिसले नाही. शाकाहारी घरातली आई मला म्हणते, ‘‘त्याला कुठे कळतंय अजून, आणि मार्कांसाठी तर आहे.’’ त्याला कळत नाही म्हणूनच विचारायला हवे. बारा वर्षांच्या मुलाला शाकाहार का, हे आपण वाढदिवसाच्या पार्टीत दहादा सांगतो आणि घरी येऊन मार्कांसाठी तो सोडवतो. ही विसंगती मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

त्या मावशी भेटल्यापासून मी नव्या रोग्यांच्या फॉर्ममध्ये एक ओळ वाढवली आहे, ‘खाण्यात काय वर्ज्य आहे?’ उत्तरे बघण्यासारखी असतात. बरेच जण रिकामी सोडतात. काही जण ‘गोमांस’ लिहितात, मग आम्ही त्यांच्या कॅप्सूलच्या कवचाबद्दल बोलतो. एका काकांनी लिहिले होते, ‘मंगळवार व चतुर्थी सोडून काही नाही.’ मी त्यांना विचारले की मंगळवारी कॅप्सूल घेता का. ते विचारात पडले, आणि पुढच्या भेटीला सांगतो म्हणाले.